चपातीपासून बिबट्यापर्यंत : आपल्या फॉरवर्डचा जुना इतिहास

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला जेवायला बसलो आणि फोन वाजला. "दादा, मार्केट यार्डामागं बिबट्या आलाय. फोटो टाकलाय, बघा."

फोटो बघितला. बिबट्या एकदम ऐटीत बसलेला, जणू पासपोर्ट साइज काढायला आलाय. मागं एका दुकानाची पाटी. पाटीवरची अक्षरं लांबून मराठी वाटत होती, पण झूम केलं तर एक शब्द वाचता येईल तर शपथ. आज कळतंय की तिथंच ओळखायला हवं होतं. पण तेव्हा एका हातात भाकरी, एका हातात मोबाइल, आणि डोक्यात एकच विचार: दुसऱ्या पेजवाल्यानं आपल्याआधी टाकलं तर?

पावणेदहाला मी पोस्ट टाकली : "मार्केट यार्ड परिसरात बिबट्या आल्याची चर्चा, नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण." साडेदहापर्यंत तोच बिबट्या तीन गावांत पोचला होता. फोटो तोच, फक्त गावाचं नाव वेगळं. वन विभागाची माणसं रात्री दीडपर्यंत बॅटऱ्या घेऊन उसात फिरली. सकाळी ऊसतोडीच्या टोळीनं फडात उतरायला नकार दिला, त्यांची एका दिवसाची मजुरी बुडाली. दुपारी कळलं की फोटो अकरावीतल्या एका पोरानं एआयच्या ॲपवर गंमत म्हणून बनवला होता. त्याला तीस सेकंद लागले म्हणे. मला खरं-खोटं करायला तेवढीही सवड नव्हती.

तेव्हापासून सगळे एकच बोलताहेत, "मोबाइलनं वाटोळं केलं." मलाही तसं म्हणायला आवडलं असतं, कारण मग दोष माझा राहत नाही. पण थोडा इतिहास चाळला आणि लक्षात आलं, मोबाइल बिचारा फार उशिरा आलाय.

1857 साल घ्या. उठावाच्या आधीचे महिने. उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरू लागल्या. गावचा चौकीदार रात्री शेजारच्या गावी जायचा, तिथल्या चौकीदाराच्या हातात चपाती द्यायचा आणि सांगायचा, अशाच आणखी चार-पाच कर आणि पुढच्या गावांना दे. बस. ना चिठ्ठी, ना निरोप. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याच्या कचेरीतही त्या चपात्या येऊन पडल्या. इंग्रजांनी चौकशी लावली. चपात्या आणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं की त्या कुणी सुरू केल्या आणि कशासाठी. कुणी म्हणालं उठावाचा इशारा, कुणी म्हणालं रोगराई टाळायचा तोडगा. त्याचा खरा अर्थ आजही इतिहासकारांना ठामपणे सांगता आलेला नाही.

आता मला सांगा, कुठून आलं माहीत नाही, अर्थ माहीत नाही, पण पुढच्या चार-पाच जणांना पाठवायचं. हा फॉरवर्ड नाही तर काय? फरक एवढाच की त्या काळी फॉरवर्ड करायला कणीक मळावी लागायची आणि रात्रीची पायपीट करावी लागायची. आपण ते काम अंगठ्यावर आणून ठेवलं.

गंमत म्हणजे त्याच काळात आपल्याकडं तारही आलेली होती. पण तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळं माणूस शब्द तोलून वापरायचा. गावात तारवाला दिसला की बायका पदर तोंडाला लावायच्या, कारण तार म्हणजे बहुधा मरणाची खबर, आणि ती खरी असायची. पैसे मोजून खोटं कोण पाठवणार? 2013 च्या जुलैत ती सेवा बंद झाली. आता शब्द फुकट झालेत, आणि फुकटच्या मालाचं जे होतं तेच शब्दांचं झालंय.

मग 1879 चा जुलै उजाडला आणि पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा. स्वस्त झालं की पसरतं, हा नियम तेव्हाही होता. आमच्या लहानपणी घरी कार्ड यायचं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. अमुक देवीचा चमत्कार झाला, अशी अकरा कार्डं लिहा, लिहिलीत तर लाभ होईल, फाडलंत तर नुकसान. आजी म्हणायची, "उगाच कशाला विषाची परीक्षा?" आणि मला अकरा कार्डं लिहायला बसवायची. माझ्या पत्रकारितेची सुरुवात डिप्लोमाला झाली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ती तिथं झाली : पाठवणारा कोण हे न विचारता मजकूर पुढं ढकलायचा.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं तसं नाही.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. सरकारनं रुग्णांना घरातून उचलून दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. आणि गिरणगावात बातमी फिरली की दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तिथं माणसांना मारून त्यांचं तेल काढतात. 29 ऑक्टोबर 1896 ला शेकडो गिरणी कामगार आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेले. मोडतोड केली, कर्मचाऱ्यांना मारहाण केली. ना फोन, ना इंटरनेट. तोंडी फॉरवर्ड.

त्या कामगारांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. साहेबाची भाषा कळत नाही, दवाखान्यात नेलेला भाऊ खरंच परत येत नाही, कारण प्लेग तसाच होता. का नेलं, काय उपचार केले, हे कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून तपासण्या केल्या, लोकांचा संताप वाढला आणि 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली. मला तर वाटतं, अफवा मूर्खपणातून कमी उगवते आणि गप्प बसण्यातून जास्त. ज्यानं सांगायला पाहिजे तो बोलत नाही, म्हणून ज्याला काही माहीत नाही तो बोलतो.

याचं उलटं उदाहरण मी स्वतः बघितलंय. 21 सप्टेंबर 1995. सकाळी दिल्लीत कुठल्याशा देवळात गणपती दूध पितो अशी बातमी उठली आणि दुपारपर्यंत सगळा देश हातात चमचा घेऊन देवळात उभा. संध्याकाळपर्यंत लंडनमधले गणपतीसुद्धा पिऊ लागले. हे काम केलं टेलिफोननं. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ एव्हाना तालुक्यापर्यंत पोचले होते. एरवी रात्री दर कमी झाल्याशिवाय फोन न लावणारी माणसं त्या दिवशी भरदुपारी मीटरकडं न बघता बोलत होती. आमच्या गल्लीत दूध संपलं. मीही रांगेत होतो. माझ्या चमच्यातलं दूधही कमी झालं, खोटं कशाला बोलू?

पण त्या वेळी एक गोष्ट बरी घडली. ज्यांना कळत होतं ते गप्प बसले नाहीत. सरकारच्या विज्ञान खात्यातले शास्त्रज्ञ देवळात गेले आणि त्यांनी दुधात रंग मिसळला. रंगीत दूध सोंडेवरून खाली ओघळताना सगळ्यांना दिसलं. पृष्ठताण आणि केशाकर्षण, शाळेत शिकवलेलं पण आपल्या कामाचं नाही म्हणून सोडून दिलेलं. आपल्याकडं अंधश्रद्धा निर्मूलनवालेही तेच समजावत होते. दुसऱ्या दिवसापासून वेड ओसरू लागलं. नुकसान काय झालं तर दुधाचं.

2018 मध्ये नुकसान दुधाचं नव्हतं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण एसटीतून उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्या भागात महिनाभर मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुणाला तरी संशय आला. जमावानं त्यांना गाठलं, मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथंच ठेचून मारलं. पाचही जण गेले. मारणाऱ्यांतल्या कुणाचंही मूल हरवलेलं नव्हतं.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुम्हालाही आला असेल : मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होता. जाहिरातीत ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. बातमी खोटी करायला फार काही करावं लागत नाही, शेवट कापला तरी पुरतं.

पुढं 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं चोर समजून दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जमावानं जीव घेतला. लॉकडाऊन होतं, एसटी बंद, बाजार बंद. अफवेला पास लागत नव्हता.

राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतापुरता नियम केला, एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल. पाच! एकशे एकसष्ट वर्षांनी आपण फिरून चौकीदाराच्या चपात्यांच्या आकड्यावर आलो.

आता माझी गोष्ट. 2021 च्या दुसऱ्या लाटेत रोज चार-पाच श्रद्धांजल्या टाकाव्या लागत होत्या. एका दुपारी ग्रुपवर आलं की आमचे हायस्कूलचे गुरुजी गेले. मी फोटो शोधला, हार लावला, दोन ओळी लिहिल्या आणि टाकलं. वीस मिनिटांनी फोन आला, पलीकडं गुरुजी. दम लागत होता, तरी शांतपणे म्हणाले, "अरे, वाचलं. छान लिहिलंस. ऱ्हस्व-दीर्घ मात्र अजून चुकतंय." मला शब्द सुचेना. मग ते म्हणाले, "माझा नंबर होता ना तुझ्याकडं? मग मला का नाही विचारलंस?"

त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं ती पोस्ट आधी बघितली होती आणि ती पास नसताना गाडी काढून निघाली होती, हे मला नंतर कळलं. गुरुजी त्यातून बरे झाले, आणखी दोन वर्षं होते. भेटले की "मी अजून आहे बरं का" म्हणून हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

तेव्हा ठरवलं होतं, आधी फोन, मग पोस्ट. आणि गेल्या मंगळवारी काय केलं? वनपालांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. लावला नाही. 'चर्चा' हा शब्द लिहिला आणि मोकळा झालो. आम्हा पत्रकारांचा हा फार सोयीचा शब्द. खोटं निघालं तर आम्ही म्हणतो, आम्ही कुठं बिबट्या आला म्हणालो, चर्चा आहे म्हणालो. 'दर्पण'च्या नावानं दर 6 जानेवारीला आम्ही पत्रकार दिन करतो, बाळशास्त्रींच्या फोटोला हार घालतो. 1832 साली ते पाक्षिक काढताना त्यांना आजच्यासारखी घाई नसेल. पण नावच आरसा. आरशात जे समोर आहे तेच दिसतं, चर्चा दिसत नाही.

मला खरी भीती पुढची आहे. आपल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या खरंच आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो उद्या खरोखर यार्डामागं येईल. तेव्हा कुणीतरी फोटो टाकेल, आणि आपण म्हणू, "एआयचा असेल." लांडगा आला रे आला ही गोष्ट दुसरीच्या पुस्तकात होती. आपण ती सगळ्यांनी पास होऊन पुढं गेलो, एवढंच.

म्हणून दोन गोष्टी. एक, त्या ऊसतोडीच्या मुकादमाला मी काल भेटलो आणि चूक माझीही होती हे सांगितलं. तो म्हणाला, "पगार तर गेला साहेब, पुढच्या खेपेला आम्हाला आधी विचारा, आम्ही रात्रंदिवस फडातच असतो." इतकी साधी गोष्ट : बिबट्याची बातमी फडातल्या माणसाला विचारावी. दोन, यापुढं या पेजवर 'अशी चर्चा आहे' हे शब्द दिसले तर खाली कमेंटमध्ये मला झापा. ब्लॉक करणार नाही.

आणि हो, ही पोस्ट आवडली तर पुढं पाठवा. पण राईनपाड्याची तारीख, चपातीची गोष्ट, सगळं आधी तपासून बघा. मी लिहिलंय म्हणून खरं मानू नका. माझा मंगळवारचा रेकॉर्ड तुम्हाला माहीत आहे.