‘व्हँपीर’ : मंदगती आणि समीक्षकांचा पाठ

कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘व्हँपीर’ हा बोलपट ६ मे १९३२ रोजी बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. व्हिएन्नात तर लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले आणि प्रकरण दंगलीवर गेले. पुढे हाच चित्रपट भयानक रसाच्या श्रेष्ठ चित्रकृतींत गणला जाऊ लागला. कृती काळाच्या पुढे होती, असे या मतांतराचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

शेरिडन ले फानू यांच्या १८७२ मधील ‘इन अ ग्लास डार्कली’ या संग्रहाचा आधार घेतलेल्या या चित्रपटाचे कथानक अल्प आहे. अ‍ॅलन ग्रे हा तरुण एका खेड्यात येतो. तेथे धन्यावाचून सावल्या फिरतात आणि एक वृद्ध स्त्री पिशाचरूपाने एका मुलीचे रक्त शोषते. जर्मन, फ्रेंच व इंग्रजी अशा तीन भाषांतील आवृत्त्यांची योजना असल्याने चित्रण आवाजाविना करून संवाद मागाहून जोडण्यात आले. साहजिकच संवाद मोजके आणि स्तब्धता दीर्घ राहिली.

यावरून चित्रपट संथ ठरला. परंतु या संथपणाचे स्वरूप तपासले पाहिजे. ‘व्हँपीर’ची आज उपलब्ध असलेली लांबी सुमारे सव्वा तास आहे आणि १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ही जवळजवळ तेवढाच आहे. तेव्हा मंदगती ही कालमानाची बाब नव्हे. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ड्रायरने दृश्यरूपी वाक्ये ठेवली आणि ‘म्हणून’, ‘कारण’ ही उभयान्वयी अव्यये गाळली. दोन दृश्यांतील कार्यकारणसंबंध प्रेक्षकाला स्वतः जुळवावा लागतो. त्या श्रमालाच तत्कालीन प्रेक्षकाने कंटाळा म्हटले आणि उत्तरकालीन समीक्षकाने स्वप्नसदृशता म्हटले. गुणधर्म एकच, नावे दोन.

तथापि एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. बर्लिनमधील विरोधानंतर ड्रायरने स्वतःच काही भाग कापला. जर्मन अभ्यवेक्षणानेही पिशाचाच्या अंताचे आणि पिठाच्या गिरणीत गुदमरणाऱ्या डॉक्टरचे दृश्य सौम्य करविले होते. मूळ चित्राच्या व ध्वनीच्या निगेटिव्ह नष्ट झाल्या असून, १९९८ मध्ये पूर्ण झालेली पुनर्रचना उपलब्ध जर्मन व फ्रेंच प्रतींवरून करण्यात आली. अर्थात बर्लिनच्या प्रेक्षकाने ज्याचा धिक्कार केला तो पाठ आणि पुढील समीक्षकाने ज्याचा गौरव केला तो पाठ, हे सर्वांशी एक नाहीत. त्या धिक्कारानेच दुसरा पाठ अंशतः घडविला.

म्हणून समीक्षेचा इतिहास केवळ अभिरुचीच्या विकासाचा इतिहास समजणे धोक्याचे होय. कोणत्या प्रतीविषयी कोण बोलतो आहे, याचा निर्णय पाठचिकित्सेने आधी करावयास हवा. शिवाय पहिल्या निर्णयाची किंमत कलावंताने मोजलेली असते, हेही विसरून चालणार नाही. ‘व्हँपीर’नंतर १९४३ च्या ‘डे ऑफ रॅथ’पर्यंत ड्रायरचा एकही पूर्ण लांबीचा कथापट पडद्यावर आला नाही. उत्तरकालीन गौरवाने त्या अकरा वर्षांची भरपाई होत नाही.