यादीत नसलेला भुलू

अलिपूरचं क्वार्टर ताब्यात घेतलं तेव्हा यादी माझ्या हातात होती. पंखे सात, गीझर दोन, जेवणाचं टेबल एक, खुर्च्या सहा, पैकी एक डुगडुगती. फौजेत हँडिंग-टेकिंग असंच होतं, एकेक वस्तू मोजायची आणि सही करायची. सही करून वर पाहिलं तर मागच्या पायरीवर एक म्हातारा लॅब्रेडॉर बसलेला. तो यादीत नव्हता. गळ्यात पट्टा होता, पट्ट्यावर नाव नव्हतं. माळ्याने सांगितलं की आधीच्या कुटुंबाचा ट्रक जाऊन तीन आठवडे झाले. कुत्रा कुणाला तरी देऊन जाणार होते म्हणे. कुणाला, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो आपला त्याला उरलेला भात घालायचा आणि 'भुलू' म्हणायचा. बंगालमध्ये कुत्र्याचं हे नाव आपल्याकडच्या मोतीसारखं, घरोघरचं.

राग आला, पण तो मला फार वेळ धरून ठेवता आला नाही. कॅप्टन असताना मी चार दिवसांसाठी फायरिंग रेंजवर गेलो होतो. राणीला खोलीत ठेवलं, घमेलंभर पाणी, खाणं, आणि सकाळ-संध्याकाळ दार उघडायला एक जवान. दुसऱ्याच दिवशी त्या जवानाला ड्यूटीवर बाहेर पाठवलं गेलं. चूक त्याची नव्हती; त्याच्या जागी दुसरा कोण, हे मी ठरवूनच ठेवलं नव्हतं. परतलो तेव्हा घमेलं उपडं पडलेलं, फरशी कोरडी, आणि दाराचा रंग हातभर उंचीपर्यंत ओरबाडलेला. राणी वाचली. पण पुढे आयुष्यभर मी बुटाच्या नाड्या बांधायला बसलो की ती उठून दाराच्या उंबऱ्यावर आडवी पडायची.

कोलकात्यात आल्यावर जुनी पुस्तकं चाळताना लक्षात आलं की मालक बदलीवर जातो आणि जनावर मागे राहतं, ही गोष्ट या शहराला दोनशे वर्षांची जुनी आहे. इथून उत्तरेला हुगळीकाठी बराकपूर. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे बाग आणि प्राणिसंग्रह उभारला. हेतू नुसता शौकाचा नव्हता. हिंदुस्थानातल्या प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा अशी योजना होती आणि देखरेखीला फ्रान्सिस बुकानन हा डॉक्टर होता. १८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी परतला. बुकाननही त्याच्याबरोबर गेला. योजना मागे पडली, पिंजरे मात्र राहिले आणि पुढची सत्तरेक वर्षं येणाऱ्या प्रत्येक लाटसाहेबाच्या मर्जीवर चालले. कुणाला हौस असे, कुणाला नसे. शेवटी उरलेली जनावरं अलिपूरला नव्या प्राणिसंग्रहालयात आली. ते १८७६ मध्ये उघडलं, माझ्या क्वार्टरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्या संग्रहालयातला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे अद्वैत हे अल्डाब्रा जातीचं अजस्र कासव. खलाशांनी सेशेल्सकडून आणून ते रॉबर्ट क्लाइव्हला भेट दिलं आणि बराकपूरच्या बागेत होतं, अशी कथा आहे. मला ती जशीच्या तशी पटत नाही. क्लाइव्हने हिंदुस्थान कायमचा सोडला १७६७ मध्ये आणि बराकपूरची बाग त्यानंतर तीसेक वर्षांनी झाली. कासव खरोखर त्याचं असेल तर मधली वर्षं ते कुणाच्या अंगणात होतं? कुणीतरी त्याला चारा-पाणी घातलंच असणार, पण त्या माणसाचं नाव कथेत नाही. क्लाइव्हचं आहे. २००६ च्या मार्चमध्ये अद्वैत गेला. कवच तडकून झालेली जखम चिघळली होती. वयाचा अंदाज दीडशेपासून अडीचशे वर्षांपर्यंत काहीही सांगतात.

(क्लाइव्हची आणखी एक गंमत मराठी माणसासाठी. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेलेल्या इंग्रजी फौजेत तो होता. दोन वर्षांनी त्याने इथे नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. आमच्या पूर्व कमानीच्या त्या मुख्यालयाचं नाव आता विजय दुर्ग आहे.)

याच शहरात १८६१ मध्ये कोल्सवर्दी ग्रँट नावाच्या चित्रकाराने प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध देशातली पहिली संस्था काढली. मुंबईत तशी संस्था यायला १८७४ उजाडलं. ग्रँट १८३२ पासून कोलकात्यात होता. गाडीचे बैल, भाड्याच्या गाड्यांचे घोडे, त्यांच्या खांद्यावरची घट्टे पडून फुटलेली कातडी हे सगळं त्याने रोज पाहिलं असणार. १८६९ मध्ये बंगालचा कायदा झाला. रायटर्स बिल्डिंगसमोर ग्रँटच्या स्मरणार्थ एक छोटा दगडी स्तंभ आहे. मिनीबसच्या गर्दीत तो मला तिसऱ्या फेरीला सापडला. त्याची लढाई रस्त्यावरच्या क्रूरतेशी होती, चाबूक दिसतो, साक्षीदार मिळतो. कुलूप लावलेल्या दाराआड रिकाम्या भांड्याला साक्षीदार नसतो.

कायद्याला मात्र ते भांडंही माहीत आहे. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून जाणं, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज त्या जनावराचं एक वेळचं खाणंही येत नाही.

भुलूला आमच्याकडे राहून दोन वर्षं झाली. कालीपूजेच्या रात्री फटाके सुरू झाले की तो न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसतो, म्हणून त्या रात्री घरातलं एक माणूस कुठेही जात नाही. सुट्टीवर जाताना दोन माणसं ठरलेली असतात. पहिला अडकला तर दुसऱ्याने यायचं, आणि दोघांकडे किल्ली. पाण्याची भांडी जड, मातीची, दोन खोल्यांत.

गेल्या महिन्यात माझी बदली पुण्याला झाली. भुलूच्या लसींचा दाखला तयार आहे. रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावे असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो, आणि पशुवैद्य म्हणतात की या वयात त्याला उन्हाळ्याचा प्रवास नको. म्हणून मी डिसेंबरपर्यंत थांबण्याची परवानगी मागितली आहे. हँडिंग-टेकिंगची यादी परवा काढली. डुगडुगती खुर्ची अजून तशीच आहे.