निलगिरी आपली नाही, फक्त नाव आपलं आहे

मंडळी, आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वृक्षलागवडीच्या एका बातमीत मी 'कडुनिंब, बाभूळ, निलगिरी अशी देशी झाडे' असं बिनधास्त लिहिलं. कुणी टोकलंही नाही. नावच निलगिरी, मग झाड परदेशी कसं असेल?

तर ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. बंगळूरजवळच्या नंदी डोंगरावर टिपू सुलतानाच्या बागेत १७९० च्या सुमारास आलं असं मानतात. १८४३ मध्ये इंग्रजांनी उटीला लावलं, पुढं सरपणासाठी डोंगरच्या डोंगर भरले. त्या निलगिरी डोंगराचं नाव झाडाला चिकटलं. गंमत अशी, की उटीची ती जात थंड हवेची. आपल्याकडं बांधावर, रस्त्याकडेला दिसते ती बहुतेक 'म्हैसूर गम', कमी पावसात तग धरणारी वेगळीच जात. म्हणजे नावसुद्धा उसनं!

ओळखायला सोपी. सालीच्या लांब पट्ट्या सुटतात, आतून गुळगुळीत पांढुरकं खोड दिसतं. पानं कोयत्यासारखी वाकडी, खाली लोंबणारी. चुरगाळली की सर्दीच्या बामचा वास. कळीला टोपी असते, फूल उमलताना ती गळून पडते.

मग गावोगाव पोचली कशी? १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला, आणि त्या काळात निलगिरी, सुबाभूळ यांचाच बोलबाला होता. कारणंही रास्त होती. शेळ्या तोंड लावत नाहीत, राखण नको, तोडलं की उसाच्या खोडव्यासारखं परत फुटतं. दुष्काळी शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? पण १९८३ मध्ये कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी, हे झाड पाणी ओढतं म्हणून, सरकारी रोपवाटिकेतली रोपं उपटली आणि तिथं चिंच-आंब्याच्या बिया टाकल्या. २०१७ मध्ये त्या सरकारनं नव्या लागवडीवर बंदीच घातली.

आपला भाग मुळात माळरानाचा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा उघड्या गवतावर जगतो, दाट झाडीत नाही. इथली झाडं म्हणजे हिवर, बाभूळ, बोर, शमी. आणि तरटी! मयूरेश्वराच्या आवारातल्या तरटीखाली मोरया गोसावींनी तप केल्याचं सांगतात. आपण तिला हात जोडतो, पण लागवडीच्या फोटोत तरटीचं रोप मी अजून पाहिलेलं नाही.

यंदा रोपवाटिकांत विचारतोय. मिळालं तर इथंच कळवतो.