रोमला जायचं, पण कोणत्या महिन्यात?



जानेवारी उजाडला की पेपरात पर्यटन कंपन्यांच्या पानभर जाहिराती यायला लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप! रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, अथेन्स, बार्सिलोना. प्रत्येक शहराला एक-दोन रात्री, सकाळचा नाश्ता, फिरायला बस, आणि खाली बारीक अक्षरात किंमत. आपल्या घरात ते पान शेवटी फडताळात डब्यांखाली अंथरलं जातं. आज आम्ही त्याच पानाबद्दल बोलणार आहोत. त्यातल्या किमतीबद्दल नाही, तर 'उन्हाळ्याच्या सुट्टीत' या दोन शब्दांबद्दल.

कारण दीडशे वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात रोम पाहायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ समजला जायचा. आज लाखो लोक बिनधास्त जातात. हा बदल कसा झाला, याच्या गोष्टीत राजे आणि सेनापती फारसे नाहीत. शेतमजूर, परिचारिका आणि शिक्षिका मात्र आहेत. म्हणून ती आपल्याला ठाऊक असायला हवी.

सुरुवात एका बाईपासून करू. तिचं नाव मारियाना स्टार्क. ही इंग्रज बाई. तिचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासेकडे होते. मलबारमधल्या सती जाणाऱ्या विधवेवरचं एक फ्रेंच नाटकही तिने इंग्रजीत आणलं होतं. १७९२ मध्ये ती घरच्या आजारी माणसाला घेऊन इटलीत गेली. त्या काळी छातीच्या दुखण्याला उबदार हवा हाच उपाय सांगत. १७९८ पर्यंत ती तिकडे राहिली आणि याच काळात नेपोलियनची फौज इटलीत शिरली. एकीकडे आजारपण आणि दुसरीकडे लढाई, अशात घर चालवायचं होतं.

तोपर्यंत युरोपच्या प्रवासाची पुस्तकं बहुतेक श्रीमंत घरांतल्या शिकलेल्या पुरुषांनी लिहिलेली असत. कोणत्या देवळात कोणता पुतळा आहे हे त्यांत असायचं. पण कपडे धुवायला काय पडतं, खोलीचं भाडं किती, आजारी माणसाला ऊन कुठल्या खिडकीतून मिळेल, हे त्यांत सापडत नसे. मारियानाने नेमकं हेच लिहिलं. १८०० साली तिचं इटलीवरचं पुस्तक निघालं आणि १८२० नंतर तिच्या प्रवासमार्गदर्शकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिल्या. बरोबर कोणत्या चादरी न्याव्यात, चहा न्यावा, औषधं कोणती घ्यावीत, अंथरुणावर लॅव्हेंडर तेलाचे चार-पाच थेंब टाकले की ढेकूण आणि पिसवा पळतात, असं सगळं तिच्या पुस्तकात असे. जे चित्र किंवा शिल्प चुकवू नये असं तिला वाटे, त्याच्या नावापुढे ती उद्गारचिन्ह टाकायची. जितकं सुंदर, तितकी चिन्हं जास्त. पुढे दुसऱ्यांच्या पुस्तकांत त्याच कामाला तारे आले. १८३८ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ही बाई प्रवासातच मिलान शहरात वारली.

आजाऱ्याची शुश्रूषा करताना आणि रोजचा हिशेब ठेवताना आलेलं शहाणपण तिने कागदावर उतरवलं. ते पुढच्या हजारो प्रवाशांच्या उपयोगी पडलं.

आता त्या काळच्या सहलीचं वेळापत्रक पाहा. युरोपच्या उत्तरेकडचे लोक पावसाळी थंडी सुरू होताना दक्षिणेकडे निघत. आल्प्सचे डोंगर ओलांडून इटलीत उतरत. हिवाळा रोममध्ये किंवा नेपल्सला. वसंतात ईस्टरचा पवित्र सप्ताह रोममध्ये पाहायचा. मग ऊन चढायच्या आत उत्तरेकडे फ्लॉरेन्स, व्हेनिस. जून लागला की डोंगरातल्या थंड गावी किंवा गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्काम. म्हणजे आजच्या अगदी उलट. रोममधले पैसेवालेसुद्धा उन्हाळ्यात शहर सोडून टेकड्यांवर जात. पोपचाही उन्हाळी वाडा तिकडेच, कास्तेल गांदोल्फोला.

हे नुसतं उन्हाच्या भीतीने नव्हतं. भीती होती तापाची. लोक त्याला रोमन ताप म्हणत. थंडी वाजून येणारा, एक दिवस सोडून परत चढणारा. आपल्या ओळखीचा हिवताप. 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियन आहे. 'माल' म्हणजे वाईट, 'आरिया' म्हणजे हवा. दलदलीतून रात्री उठणाऱ्या वाईट हवेने ताप येतो, अशी समजूत होती. हेन्री जेम्स नावाच्या लेखकाने १८७८ मध्ये डेझी मिलर ही कथा लिहिली. तिच्यातली तरुण मुलगी रात्री रोमचं जुनं रंगमंडल पाहायला जाते आणि या तापाने मरते. वाचणाऱ्यांना त्यात काही नवल वाटलं नसेल, इतका तो ताप सगळ्यांना माहीत होता.

दरम्यान आगगाड्या आल्या. १८६४ मध्ये थॉमस कुक या इंग्रज माणसाने सामान्य लोकांचा गट घेऊन इटलीची सहल काढली. तिकीट, मुक्काम, जेवण सगळं आधीच ठरलेलं. पुढे हॉटेलसाठी कूपनंही निघाली. त्याच्या गटांत बायका बऱ्याच असत, कारण एकटीने जाण्यापेक्षा गटाने जाणं घरच्यांना चालायचं. आपल्या बचत गटालाही हे नवं नाही. पण कुकच्या गाड्या आल्या तरी तापाचे महिने तसेच राहिले.

आता इथे थोडं थांबू. प्रवासी उन्हाळ्यात रोम सोडून जात. मग राहायचं कोण?

रोम शहराभोवती मोठं ओसाड मैदान होतं. जमीनदारांची हजारो एकर शेतं, आणि त्यात गावं जवळजवळ नाहीत, कारण ताप. पण गहू कापायला माणसं लागतातच. मग डोंगराळ, गरीब गावांतून हंगामी मजूर आणले जात. मुकादम टोळ्या बांधून आणायचा. त्याला तिकडे 'कापोराले' म्हणत. नवरा, बायको, पोरं सगळी येत. गवताच्या झोपड्यांत राहत, दलदलीचं पाणी पीत. कापणीचे दिवस आणि डासांचे दिवस एकत्रच येत. आमच्यातल्या ज्या ऊसतोडीला जाऊन आल्यात, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत मलेरियाने दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं मरत. त्यांत प्रवासी मूठभर, बाकीचे गरीब.

मग डास सापडला. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. पुढच्याच वर्षी रोममध्ये ग्रासी आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की माणसाला हा ताप अ‍ॅनाफिलिस जातीच्या डासामुळे होतो. तरी लोकांचा विश्वास बसेना. म्हणून १९०० च्या उन्हाळ्यात सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळ ओस्तियाच्या दलदलीत जाऊन राहिले. झोपडीला बारीक जाळी लावली. दिवसा बाहेर हिंडायचं, सूर्य मावळायच्या आत घरात शिरायचं, सकाळी बाहेर पडायचं. औषध घेतलं नाही. रात्रीची ती 'वाईट हवा' जाळीतून आत येतच होती, तरी दोघेही पावसाळी थंडी येईपर्यंत ठणठणीत राहिले. दोष हवेचा नव्हता.

पण डॉक्टरांना कळलं म्हणजे झोपडीतल्या बाईला कळलं असं होत नाही. इथून पुढचं काम आमच्या मते सगळ्यात अवघड होतं.

औषध होतं. क्विनीन, ज्याला आपल्या आज्या कोयनेल म्हणायच्या. १९०० मध्ये इटलीच्या सरकारने कायदा करून ते स्वस्तात विकायला सुरुवात केली. मीठ आणि तंबाखू विकणाऱ्या सरकारी परवान्याच्या दुकानांत ते मिळू लागलं. हा कायदा व्हावा म्हणून झटले ते डॉक्टर आंजेलो चेल्ली. मजुरांना मात्र त्या कडू गोळ्यांचा संशय यायचा. सरकार आणि मालक आपल्याला फुकट काही का देतील? हे विष तर नसेल? आजवर त्यांच्या वाट्याला जे आलं होतं, ते पाहता हा संशय चूक म्हणता येत नाही.

चेल्लींची बायको आना ही जर्मनीत जन्मलेली परिचारिका होती. ती टोळ्यांच्या झोपड्यांत हिंडत होती. तिला दिसलं की नुसती गोळी हातात ठेवून काही होणार नाही. ज्याला वाचता येत नाही, ज्याला कुणी माणूस म्हणून विचारत नाही, तो कागदावरच्या सूचनेवर विश्वास ठेवणार नाही. मग आना, लेखिका सिबिल्ला आलेरामो, जोव्हान्नी चेना आणि त्यांच्या सोबत्यांनी १९०४ पासून या मजुरांसाठी शाळा सुरू केल्या. रोममधली महिलांची संघटना त्यांच्या पाठीशी होती. शाळा रविवारी आणि संध्याकाळी, काम संपल्यावर. भरायच्या कुठे? झोपडीत, नाहीतर गोठ्यात. शिक्षक गावोगाव जाऊन अक्षरं शिकवत आणि त्याच बैठकीत गोळी कशासाठी घ्यायची, डास कुठे अंडी घालतो, तेही सांगत. औषध गेलं ते अक्षरांच्या सोबतीने. मृत्यू कमी होत गेले.

पुढचं लवकर सांगतो. १९३० च्या दशकात रोमच्या दक्षिणेकडची पोंतिना दलदल मुसोलिनीच्या सरकारने उपसली. नाव सरकारचं झालं, चिखलात राबणारे आजारी पडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी तिथे पुन्हा पाणी सोडलं आणि ताप परत आला. युद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटली मलेरियामुक्त झाल्याचं जाहीर केलं.

याच सुमारास उन्हाळ्याची सहल रुजली. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि तीही संप करून मिळवलेली. युद्धानंतर विमानं स्वस्त झाली. रजा आणि शाळांना सुट्टी उन्हाळ्यात, म्हणून सहलही उन्हाळ्यात. जाहिरातीतल्या त्या दोन शब्दांमागे एवढा इतिहास आहे.

आणि आता चाक पुन्हा फिरू लागलं आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी इटलीच्या सिसिली बेटावर ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. युरोप खंडातला तो उच्चांक ठरला. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने सुमारे ६१ हजार माणसं गेल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतली सुमारे १८ हजार एकट्या इटलीत, आणि स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. अथेन्सची प्रसिद्ध देवळांची टेकडी, अक्रोपोलिस, २०२३ च्या जुलैत भर दुपारी बंद ठेवावी लागली. त्याच महिन्यात तिथल्या रखवालदारांनी उन्हाच्या तासांत काम बंद केलं.

पाहायला गेलेला माणूस सावलीत जाऊन बसू शकतो. राबणाऱ्याचं काय? २०१५ च्या जुलैत इटलीच्या पुलिया भागात द्राक्षबागेत घडांची विरळणी करताना एक शेतमजूर बाई उन्हात कोसळली आणि गेली. रोज पहाटे बसने दूरवर नेऊन अगदी थोड्या मजुरीवर राबवलं जायचं. त्या मृत्यूने देश हलला आणि २०१६ मध्ये मजुरांना पिळणाऱ्या मुकादमांविरुद्ध आणि मालकांविरुद्ध कडक कायदा झाला. मुकादमाला नाव तेच आहे, कापोराले. शंभर वर्षांत हिवताप गेला, तो शब्द मात्र राहिला. आता इटलीच्या अनेक प्रांतांत, रोमच्या प्रांतातही, अति उष्णतेच्या दिवशी दुपारी साडेबारा ते चार शेतात आणि बांधकामावर उघड्यावर काम करायला बंदी घातली जाते.

तुमच्या नात्यातलं कुणी रोम-अथेन्सला निघालं असेल, तर त्यांना आमचा एक निरोप सांगा. जमलं तर एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. जून-जुलैच धरावा लागला, तर जुनी देवळं आणि पडके वाडे सकाळी लवकर पाहा, दुपार चर्चमध्ये नाहीतर संग्रहालयात काढा, आणि दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा. मारियानाने हेच लिहिलं असतं.

आणि आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एका प्रश्नावर बोला. नाशिक-सांगलीकडे विरळणीला जाणाऱ्या, रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या बायकांना एप्रिल-मे महिन्यात दुपारी किती ते किती सुट्टी मिळते? मिळत नसेल, तर ती मागायची कुणाकडे? मुकादमाकडे, मालकाकडे की ग्रामसभेत? तुमच्याकडे काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात आम्ही ते वाचून दाखवू.