रुपया आणि शिलिंग

विनिमयाचा दर हा केवळ पेढीवरील आंकडा नव्हे. १८७१ नंतर जर्मनीनें सुवर्णचलन स्वीकारलें, रुपें स्वस्त झालें आणि सुमारें २ शिलिंगांचा आपला रुपया घसरूं लागला. सरकारचा विलायती खर्च मात्र पौंडांत ठरलेला. तो भागविण्यास रयतेचे अधिक रुपये लागूं लागले. १८९३ मध्यें टांकसाळी खासगी रुप्यास बंद झाल्या व पुढें रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. १९२७ च्या कायद्यानें तो १८ पेन्सांचा झाला. पौंडास १५ ऐवजीं १३ रुपये ५ आणे ४ पै पडूं लागले. सरकारचा भार हलका झाला, पण परदेशीं जाणाऱ्या कापसाचे शेतकऱ्यास रुपये कमी मिळूं लागले. म्हणूनच पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनीं १६ पेन्सांचा आग्रह धरिला होता. दोन पेन्सांचा हा फरक क्षुल्लक खरा. मात्र तो कोणाच्या पदरांतून गेला, हें पाहिल्यावांचून तसें म्हणूं नये.