वॉर्सा : पुन्हा बांधलेलं जुनं गाव



शहर बघायचं म्हणजे इमारती बघायच्या, असा आपला साधा समज असतो. हातात नकाशा, त्यावर दहा खुणा, संध्याकाळपर्यंत दहाही आटोपायच्या. आज आपण पोलंडची राजधानी वॉर्सा अशीच जागोजागी थांबत पाहणार आहोत. फक्त एक प्रश्न बरोबर ठेवू. इथे आपल्याला जे जुनं म्हणून दाखवलं जातं, ते जुनं आहे का? आणि नसेल, तर ते खोटं म्हणायचं का?

राजवाड्यासमोरच्या चौकापासून सुरुवात करू. इथे एका उंच खांबावर तिसरा झिगमुंट राजा उभा आहे, हातात क्रूस आणि तलवार घेऊन. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच राजाने आपला दरबार क्राकूव्हहून वॉर्साला हलवायला सुरुवात केली. त्याच्या मुलाने १६४४ मध्ये हे स्मारक उभारलं. आता जरा राजवाड्याच्या बाजूला चला. तिथे मोठमोठे दगडी खांब तुटलेल्या अवस्थेत आडवे पडलेत. ते आधीचे खांब. मूळ खांब एकोणिसाव्या शतकातच जीर्ण झाला म्हणून बदलला होता. त्या जागी आलेला दुसरा खांब जर्मनांनी १९४४ मध्ये पाडला. आज उभा आहे तो तिसरा, १९४९ चा. वरचा राजा मात्र डागडुजी करून तोच ठेवलेला आहे. मग स्मारक तेच की दुसरं?

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे 'मिलिंदप्रश्न' आठवतो. रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? एकेक भाग वेगळा काढला तर रथ कुठे राहतो? नागसेनाचा हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. वॉर्साच्या लोकांनी तो विटा आणि चुना हातात घेऊन सोडवला.

झालं काय, ते थोडक्यात सांगतो. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि मोडला. उरलेल्या नागरिकांना शहराबाहेर काढण्यात आलं आणि मग रिकाम्या शहरात जर्मन पथकं एकेक इमारत जाळत, सुरुंगाने उडवत गेली. हे लढाईतलं नुकसान नव्हे, हे लक्षात घ्या. लढाई संपली होती. शहर पुसून टाकायचा हुकूम होता. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला.

म्हणून जुन्या गावाच्या चौकात आपण उभे राहतो, तेव्हा भोवतालची ती रंगीत, अरुंद, उंच घरं सतराव्या-अठराव्या शतकातली दिसली, तरी बहुतेक १९५३ च्या सुमारास पुरी झालेली असतात. आतमध्ये साधे आधुनिक फ्लॅट केले आणि लोक राहायला आले. हे शक्य झालं ते कागदांमुळे. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातले वास्तुकलेचे शिक्षक आणि विद्यार्थी यांनी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे करून ठेवले होते. उठावानंतर ते नकाशे शहराबाहेर नेऊन पिओत्रकूव्हच्या मठात लपवले गेले. घरं गेली, पण घरांची मापं वाचली.

दुसरा आधार चित्रांचा. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेल्लोत्तो हा इटालियन चित्रकार राजा स्तानिस्वाव ऑगस्टच्या दरबारी होता. त्याने वॉर्साचे रस्ते, राजवाडे बारकाईने रंगवले. ती चित्रं आज राजवाड्यात टांगलेली आहेत, जरूर बघा. पण हा राजवाडाही नवा बरं का! तो बांधायचा निर्णय झाला १९७१ मध्ये, लोकांनी वर्गणी दिली आणि १९८४ मध्ये तो खुला झाला. याच वास्तूत ३ मे १७९१ ची राज्यघटना मंजूर झाली होती. म्हणून एवढा आटापिटा.

आता एक गंमत पाहा. जवळच सेंट जॉन कॅथेड्रल आहे. ते १९३९ मध्ये जसं होतं, तसं बांधलेलंच नाही. एकोणिसाव्या शतकातला दर्शनी भाग बाजूला ठेवून, मध्ययुगात ते कसं असेल याचा अंदाज करून ते उभारलं. म्हणजे पुनर्बांधणीत निवड असते. कोणता भूतकाळ परत आणायचा, हे कुणीतरी ठरवतं. युनेस्कोने १९८० मध्ये या भागाला जागतिक वारसा म्हटलं, ते पुनर्बांधणीच्या या विलक्षण कामामुळेच. इथे फसवणूक नाही, कारण लपवाछपवी नाही. तुटलेले खांब बाहेरच ठेवलेत.

पण निवडीची दुसरी बाजू बघायला चौकातून वीस-पंचवीस मिनिटं पायी मुरानूव्हला जावं लागतं. युद्धापूर्वी वॉर्सातला जवळजवळ दर तिसरा माणूस ज्यू होता. १९४० मध्ये भिंत घालून चार लाखांवर माणसं या बाजूला कोंडली. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या अडीच लाखांहून अधिक लोकांना त्रेब्लिंकाला नेऊन मारलं. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी शस्त्र उचललं. त्यानंतर अख्खी वस्ती सपाट केली गेली. ही वस्ती कुणी पुन्हा बांधली नाही. ढिगारा इतका होता, की त्याच्याच चुऱ्यातून नव्या इमारतींच्या विटा केल्या आणि उरलेल्या ढिगाऱ्यावर त्या उभ्या केल्या. आजही काही घरांशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांखाली काय आहे, ते आता आपल्याला कळलं.

तिथल्या स्मारकासमोर ७ डिसेंबर १९७० ला जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट गुडघे टेकून बसले. समोर आता पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं 'पोलिन' संग्रहालय आहे. त्याला अर्धा दिवस तरी द्या.

परत न येऊ शकलेले आणखीही लोक होते. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने हुसकावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका-मुलं जास्त, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली होती. त्यांतले बरेच जण मग इंग्लंडला आणि आणखी दूर गेले. कोल्हापूरची आठवण सांगणारं एक स्मारक वॉर्सात आहे. मराठी माणसाने ते चुकवू नये.

तर मग उत्तर काय? आम्हाला असं वाटतं, की वॉर्साचं जुनं गाव खरं आहे. ज्यांच्या आठवणीतून ते उभं राहिलं, ती माणसं तिथे परतली, राहिली. मुरानूव्हला नकाशे असते तरी ते झालं नसतं. दार उघडून आत जाणारी माणसंच उरली नव्हती. वॉर्सा बघायला जाल तेव्हा या दोन्ही जागा एकाच दिवशी बघा. एकीशिवाय दुसरी अर्धीच कळते.

आज इथेच थांबू.