कोर्लईचे मागें राहिलेले

कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंडा व कोर्लई हीं गांवें समोरासमोर वसलीं आहेत. रेवदंड्याच्या तटाआंत पूर्वीं पोर्तुगीजांचें चौल नगर होतें. १७३९ सालीं वसई पडली आणि १७४० सालीं चौल व कोर्लईचा किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला. ज्यांस साधन होतें ते गोंव्यास निघून गेले. मागें राहिले ते गरीब ख्रिस्तजन. तह कांहीं त्यांस विचारून झाला नव्हता.

हा भोग त्यांच्याच वांट्यास कां यावा? ईयोबानेंही देवास असाच जाब विचारिला होता. परमेश्वर वावटळींतून बोलला खरा. पण दुःखाचें कारण त्यानें सांगितलें नाहीं, उलट समुद्रास मर्यादा कोणीं घातली, असें त्यालाच विचारिलें. कोर्लईकरांस तर तेवढेंही उत्तर ऐकूं आलें नाहीं. समुद्र मात्र त्यांच्या दारांतच होता.

तरी त्यांनीं प्रार्थना सोडिली नाहीं. राजसत्तेच्या आश्रयानेंच हा धर्म टिकला, असें म्हणणारांनीं कोर्लईस एकवार यावें. सत्ता जाऊन पावणेतीनशें वर्षें लोटलीं. रेवदंड्यांतील संत बार्बराच्या मठाचा मनोरा भग्नावस्थेंत उभा आहे. इकडे कोर्लईंत मात्र कार्मेल मातेच्या देवळांत ख्रिस्तजन अद्यापि जमतात, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली आपली बोली घरीं बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. कार्मेल मातेचा सण १६ जुलैस, भर पावसांत, येतो. त्या दिवसांत खाडीस उधाण असतें.